घरातील वडीलधारी मंडळी आणि न्हाणीघर

अवंतिका ही सात मोक्षपुरींपैकी एक. क्षिप्रेच्या काठी देह ठेवावा म्हणून दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे येतात. अशा गावात ज्याचा सारा जन्म गेला, त्यास उतारवयात "आता हे गाव सोडा आणि मुलाकडे चला" असे सांगणे फार कठीण, आणि ते ऐकणे त्याहून कठीण. आपल्या समाजातील पुष्कळ घरांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्या शिंदेशाहीच्या काळात आपली बरीच घराणी इकडे आली. पुढे १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरीस नेली. दरबार गेला, परंतु कित्येक कुटुंबे येथेच राहिली. आता त्यांची मुले-नातवंडे नोकरीधंद्यानिमित्त इंदूर, पुणे, बंगलोर किंवा थेट अमेरिकेस आहेत, आणि जुन्या घरांत एक-दोन वृद्ध माणसे मागे राहिली आहेत.

ही माणसे आपल्याच घरी सुखाने राहू शकतील की नाही, हे पुष्कळदा घरातील एका लहानशा खोलीवर अवलंबून असते. ती खोली म्हणजे न्हाणीघर. विषय थोडा संकोचाचा आहे, हे आम्ही जाणतो. महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास यावा, देणगीदारांचे ऋण मानावे, पूर्वजांचे स्मरण करावे. न्हाणी आणि संडास यांवर कोण लिहितो? परंतु या विषयावर कोणी बोलत नाही म्हणूनच आमच्या घरी जे घडू नये ते घडले. तेव्हा संकोच बाजूस ठेवून आमचा अनुभव आणि त्यातून शिकलेल्या गोष्टी येथे सांगत आहो.

आमच्या काकू २०१९ सालच्या श्रावणात पडल्या. त्यांचे वय तेव्हा ७८ होते. आमचे घर जुन्या वस्तीतले. मोरी आणि संडास मागच्या परसात, निजण्याच्या खोलीपासून चांगले ३० पावलांवर. रात्री ३ च्या सुमारास त्या उठून गेल्या आणि संडासातून बाहेर निघताना आतच पडल्या. दार आत उघडणारे, कडी आतून लावलेली, आणि काकू नेमक्या दारास अडून पडलेल्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता; त्यांच्या हाका कोणास ऐकू आल्या नाहीत. ५ वाजता आमच्या वहिनी उठल्या तेव्हा प्रकार कळला. कडी निघाली तरी दार ढकलता येईना, कारण ढकलावे तो ते काकूंच्याच अंगावर येई. शेवटी वरचा पत्रा उचकटून घरातील एका मुलास आत उतरवावे लागले. खुब्याचे हाड मोडले होते.

त्यानंतर जे कळले त्याने आम्हांस अधिक दुःख झाले. गेले काही महिने काकू संध्याकाळनंतर पाणी पीत नव्हत्या, रात्री उठावे लागू नये म्हणून. स्नानही त्या एक दिवसाआड करू लागल्या होत्या आणि विचारले तर "आज नळाला पाणी कमी आले" म्हणत. पाटावरून उठताना तोल जाई. संडासात बसल्यावर उठण्यासाठी दाराची कडी धरावी लागे. हे त्यांनी कोणासही सांगितले नाही. का, ते त्यांनी रुग्णालयात सांगितले. "सांगितले असते तर तुम्ही मला पुण्यास नेऊन ठेवले असते."

शस्त्रक्रिया इंदुरास झाली. डॉक्टरांनी बजावले की यापुढे उकिडवे बसावयाचे नाही, मांडी घालावयाची नाही आणि गुडघ्यापेक्षा खालच्या बैठकीवर बसावयाचे नाही. म्हणजे पाट गेला, आणि जुना संडासही गेला. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "आई, तू आता तिकडेच चल." काकू म्हणाल्या, "माझे काय करायचे ते येथेच करा." अखेर असे ठरले की, स्नान आणि शौच ही दोन कामे त्यांना आपली आपण, कोणाच्या हाताशिवाय करता येतील अशी सोय झाली तर त्यांनी येथे राहावे, नाहीतर पुणे. आम्हांस जेमतेम ३ आठवडे मिळाले. पुढील मजकूर त्या ३ आठवड्यांत आम्ही जे केले, जे चुकलो आणि जे पुढे सुधारले त्याचा आहे.

माणूस न्हाणीतच का पडतो

म्हातारपणी पडणे हे नशिबाचे किंवा वयाचे फळ आहे, अशी आपली समजूत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत ६० वर्षांवरील माणसांचा भाग सर्वांत मोठा आहे. परंतु याला उपाय आहे. घरातील अडचणी दूर केल्याने काय होते याविषयी ठिकठिकाणी झालेल्या पाहण्या एकत्र करून २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने निष्कर्ष काढला की, अशा सुधारणांमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी होते. आणि जी माणसे आधी पडलेली आहेत किंवा ज्यांस रोजच्या कामांत मदत लागू लागली आहे, त्यांच्यात ते सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त धोका, त्यालाच सर्वांत जास्त लाभ.

न्हाणीघरात धोक्याची सर्व कारणे एकत्र येतात. जमीन ओली आणि साबणाने बुळबुळीत. ऊन पाण्याने अंगातील रक्तवाहिन्या सैल होतात, आणि बसल्या जागेवरून एकदम उठले की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधेरी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. मांड्यांचे स्नायू वयाबरोबर क्षीण होतात, आणि पाटावरून किंवा उकिडव्या बैठकीतून उठण्याचा सारा भार त्यांच्यावरच येतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेड पोहोचतो, आणि आपली जुनी न्हाणी तर काळोखी. शिवाय त्या खोलीत माणूस एकटा असतो आणि कडी लावून असतो.

आमच्या घरांत यांत आणखी काही गोष्टींची भर पडते. कित्येक उन्हाळ्यांत गंभीर धरणाचे पाणी आटले की नळ एक दिवसाआड येतो. मग न्हाणीत पिंप, बादल्या, घंगाळ, हंडे यांची दाटी होते आणि पाय ठेवण्यास जागा उरत नाही. पावसाळ्यात परसातील फरशीवर शेवाळ धरते. आणि नरकचतुर्दशीस तेल लावून पाटावर बसण्याची आपली चाल! अभ्यंगस्नान सोडा असे आम्ही कोणास सांगणार नाही. मात्र वृद्ध माणसास तेल न्हाणीबाहेर खुर्चीवर बसवून लावावे, तळपाय पुसून मगच आत न्यावे, आणि तेल-उटण्याने माखलेली जमीन सोड्याच्या ऊन पाण्याने लगेच धुवावी.

जागा आणि दार

पहिला प्रश्न जागेचा. परसातली मोरी कितीही सुधारली तरी रात्रीची ३० पावले आणि पावसातले अंगण टळत नव्हते. म्हणून काकूंच्या खोलीस लागून असलेली कोठीची खोली, ६ फूट बाय ८ फूट, आम्ही रिकामी केली. नवे न्हाणीघर करताना मुख्य अडचण ४ इंची मैलापाण्याच्या नळाची असते. तो जितका लांब, तितका त्यास उतार अधिक द्यावा लागतो आणि तितकी खोलीची जमीन उंच करावी लागते. कोठीची मागची भिंत परसाच्या बाजूसच असल्याने हे काम सोपे झाले. ज्यांस अशी खोली मिळत नाही त्यांनी निदान निजण्याची जागा तरी न्हाणीजवळ आणावी. खाट हलविणे भिंत हलविण्यापेक्षा स्वस्त पडते.

दार बाहेर उघडणारे किंवा बाजूस सरकणारे असावे. काकूंचा प्रसंग वाचल्यावर याचे कारण निराळे सांगावयास नको. आतून लावावयाची कडी अशी असावी की बाहेरून नाण्याने किंवा पेचकसाने फिरवून उघडता येईल. असे खटके बाजारात सहज मिळतात. शासनाने सार्वजनिक इमारतींसाठी २०१६ साली सुगम्य बांधकामाचे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले व २०२१ साली ते सुधारले; त्यांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३ फूट, सांगितली आहे. जुन्या घरांत इतकी रुंदी निघत नाही. परंतु चाकाची खुर्ची साधारणतः २५ ते २७ इंच रुंद असते, तेव्हा ३० इंचांपेक्षा कमी मोकळी जागा ठेवू नये.

उंबरा हा आणखी एक शत्रू. न्हाणीचे पाणी खोलीत येऊ नये म्हणून आपण ४-६ इंचांचा उंबरा ठेवतो आणि त्यावरच ठेच लागते. आम्ही उंबरा काढून टाकला. त्याऐवजी दाराशी आडवी पन्हळ घेऊन तिच्यावर जाळी बसविली आणि जमिनीस आतल्या बाजूने ढाळ दिला. मिस्त्री प्रथम मानेना. "पानी बाहर आएगा" हे त्याचे पालुपद. ४ बादल्या ओतून दाखविल्यावर त्याचे समाधान झाले.

जमीन

चकचकीत टाइल, घोटीव संगमरवर आणि पॉलिश केलेली कोटा फरशी ही तिन्ही न्हाणीस वर्ज्य समजावीत. खरखरीत, मंद पोताची, लहान आकाराची टाइल घ्यावी. तुकडे लहान म्हणजे सांधे अधिक, आणि सांधे अधिक म्हणजे पायास पकड अधिक. दुकानात निवड करताना टाइलवर पाणी आणि थोडा साबण टाकून अनवाणी पायाने उभे राहून पाहावे. दुकानदार हसतो, हसू द्यावे. जुनी कोटा फरशी काढावयाची नसेल तर तिचे पॉलिश घासून ती खरखरीत करून घेता येते.

ढाळ ४ फुटांस अर्धा ते पाऊण इंच पुरतो. त्याहून कमी असेल तर पाणी साचून शेवाळ धरते, आणि फार दिला तर चौरंग आणि माणूस दोन्ही कलतात. मिस्त्रीस 'ढाल' नीट समजावून द्यावी आणि सिमेंट ओले असतानाच पाणी ओतून पाहावे. टाइल बसल्यावर उपाय नाही. जमिनीचा रंग भिंतीपेक्षा आणि कमोडच्या भांड्यापेक्षा वेगळा असावा. पांढऱ्या जमिनीवर पांढरे भांडे मोतीबिंदूच्या डोळ्यास दिसत नाही. माणूस अंदाजाने बसतो आणि अंदाज चुकतो. दाराबाहेरचे पायपुसणे रबरी तळाचे असावे. गोणपाटाची घडी आणि झिजलेली रबरी चप्पल यांस घरातून रजा द्यावी.

आधाराच्या दांड्या

या सर्व कामांत आमची मोठी चूक येथेच झाली. पहिली दांडी आम्ही कोठीच्या जुन्या भिंतीस बसविली. भिंत माती-विटांची, भोक पाडून, प्लॅस्टिकची खुंटी ठोकून, स्क्रू पिळून काम झाले असे समजलो. काकू घरी येण्यापूर्वी आमच्या बंधूंनी आपला सारा भार टाकून पाहिला, तो दांडी पलिस्तरासह हातात आली. ईश्वराने त्या दिवशी बंधूंस बुद्धी दिली. तेव्हा पहिला नियम असा की, कोणतीही दांडी वृद्ध माणसाने धरण्यापूर्वी घरातील सर्वांत वजनदार माणसाने तिच्यावर लोंबकळून पाहावे. जुन्या भिंतीत बोल्ट आरपार काढून पलीकडच्या बाजूस लोखंडी पट्टी द्यावी, किंवा जमिनीत रोवलेला उभा खांब घ्यावा. टॉवेल टांगण्याची दांडी ही आधाराची दांडी नव्हे. ती टॉवेलाचे वजन पेलते, माणसाचे नाही, आणि तोल गेलेला माणूस तर जे दिसेल ते धरतो. म्हणून जेथे हात जाईल तेथे एकतर मजबूत दांडी असावी, नाहीतर काहीच नसावे.

दांडी सुमारे दीड इंच जाडीची, न गंजणाऱ्या पोलादाची, खरखरीत पृष्ठाची असावी. भिंत आणि दांडी यांत सुमारे दीड इंच अंतर ठेवावे. बोटे फिरतात, परंतु हात कोपरापर्यंत घसरून अडकत नाही. जागा चार: दाराशी आत शिरताना धरण्यास एक उभी, कमोडच्या बाजूस बैठकीहून ८ ते १० इंच उंचीवर एक आडवी, स्नानाच्या चौरंगाशी एक उभी आणि एक आडवी. नेमकी उंची कागदावर ठरवू नये. त्या माणसास खुर्चीवर बसवून, उठताना त्याचा हात आपोआप जेथे जातो तेथे भिंतीवर खडूने खूण करावी. काकूंच्या बाबतीत पुस्तकातील माप आणि खडूची खूण यांत ३ इंचांचे अंतर निघाले.

संडासाची बैठक

उकिडवी बैठक ज्यांस झेपते त्यांनी ती सोडावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु गुडघे, खुबा किंवा पक्षाघात यांमुळे ती झेपत नसेल तर कमोडास पर्याय नाही. वर सांगितलेल्या नियमांत बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १८ ते १९ इंच दिली आहे. बुटक्या माणसाचे पाय मात्र इतक्या उंचीवर लोंबकळतात; तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत, आणि खुब्याचे ऑपरेशन झालेल्यास डॉक्टर सांगतील ती उंची खरी.

परदेशी चित्रांत न दिसणारी एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. आपल्या चालीप्रमाणे उजव्या हातात तांब्या आणि डावा हात धुण्यास. म्हणजे नेमक्या त्या वेळी दांडी धरण्यास एकही हात मोकळा नसतो. म्हणून दांडी केवळ बसण्या-उठण्यापुरती. धुताना तोल राहावा यासाठी बैठक रुंद आणि न हलणारी हवी, पाय टेकलेले हवेत आणि तांब्याऐवजी हाताची फवारणी नळी हवी. म्हणजे एक हात दांडीवर राहू शकतो. नळी ज्या हाताने धरावयाची त्याच बाजूस, बसल्या जागी पोहोचेल अशी असावी. पक्षाघाताने एक बाजू लुळी असेल तर सर्व मांडणी चांगल्या बाजूस करावी लागते.

काकूंची हरकत निराळीच होती. स्नान करून सोवळ्याने देवपूजेस बसावयाचे, आणि त्याच खोलीत संडास? आम्ही समजूत घालू लागलो, परंतु त्यांस ती पटेना. आणि ज्यांच्यासाठी घर बदलावयाचे त्यांच्याच मनाविरुद्ध ते बदलण्यात काय अर्थ? शेवटी खोलीच्या मध्ये छातीइतक्या उंचीची, अडीच फूट लांबीची ९ इंची पक्की भिंत घातली. दोन्ही बाजूंस वेगळा ढाळ आणि वेगळी जाळी दिली. काकूंचे समाधान झाले. आणि गंमत अशी की, सिमेंटात बांधलेली ती नवी भिंत इतकी भक्कम निघाली की कमोडची दांडी एका बाजूस आणि चौरंगाची दांडी दुसऱ्या बाजूस तिच्यावरच बसली. जी गोष्ट माती-विटांच्या जुन्या भिंतीने केली नाही ती सोवळ्याच्या भिंतीने केली.

स्नानाची सोय

बाहेरच्या पुस्तकांत टब आणि शॉवर यांच्याच सूचना असतात. आपले स्नान बादली, तांब्या आणि पाट यांवर चालते, आणि धोका खाली वाकण्यात आहे. उपाय साधा आहे. पाटाऐवजी सुमारे १८ इंच उंचीचा, रुंद पायांचा, रबरी टोपणे लावलेला चौरंग किंवा प्लॅस्टिकची पाठ असलेली भक्कम खुर्ची घ्यावी. आणि माणूस वर आला तसे पाणीही वर आले पाहिजे. म्हणून समोर १५ ते १६ इंच उंचीचा विटांचा ओटा बांधून बादली त्यावर ठेवावी आणि नळाची तोटी तिच्यावर घ्यावी. मग भरलेली बादली उचलणे नाही आणि वाकणेही नाही. आम्ही ओट्याची कड प्रथम चौकोनी ठेवली होती. ती पुढे गोल करून घेतली. तोटी पिळण्याची नसावी, दांड्याने वर-खाली होणारी असावी. संधिवाताच्या बोटांस पिळणे जमत नाही. तांब्या लहान घ्यावा. साबणाची खुंटी खांद्याच्या उंचीवर आणि कोरडी साडी किंवा धोतर बसल्या जागी हाती येईल असे असावे. अंग पुसणे आणि कपडे बदलणे बसूनच करावे, उभ्याने नाही.

उजेड, वीज आणि ऊन पाणी

खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर मंद दिवा असावा आणि न्हाणीत चांगला पांढरा दिवा. बटण बाहेर, सहज हाती येईल अशा उंचीवर. विजेच्या बंबास, म्हणजे गिझरला, गळतीचा प्रवाह होताच वीज तोडणारी आरसीसीबी नावाची कळ अवश्य बसवावी. ऊन पाणी ६० अंशांचे असेल तर काही सेकंदांत त्वचा भाजते, आणि म्हाताऱ्या त्वचेस चटका उशिरा जाणवतो. म्हणून गिझर ५० अंशांपुढे नेऊ नये आणि बादलीत आधी थंड, मग ऊन पाणी घ्यावे. गॅसचा गिझर किंवा कोळशाचा बंब बंद न्हाणीत कदापि ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही, आणि माणूस न कळत बेशुद्ध पडतो.

घंटेची दोरी हवी आणि ती जमिनीपासून एक वीत उंचीपर्यंत लोंबती हवी, कारण जो पडला आहे त्याचा हात तेथेच पोहोचतो. काकूंच्या दोरीस आमच्या घरातील मुलांनी जुन्या देवघरातली पितळी घंटी बांधली होती.

थोडक्या खर्चात

सर्वांस नवे न्हाणीघर बांधणे शक्य नाही, आणि भाड्याच्या घरात तर भिंतीस हातही लावता येत नाही. तरीही पुष्कळ होण्यासारखे आहे. दाराच्या बिजागऱ्या उलट करून ते बाहेर उघडते करणे, कडी बदलणे, पिंप-हंडे बाहेर काढणे, चांगला दिवा लावणे, चौरंग आणणे, शेवाळ आठवड्यास घासून काढणे, ही कामे एका रविवारी होतात. उकिडव्या संडासावर ठेवावयाची कमोडची खुर्ची मिळते. तिच्या पायांस रबर असल्याची खात्री करावी. कानपूर येथील ॲलिम्को ही सरकारी संस्था वृद्ध व अपंगांसाठी साधने तयार करते; तिचे एक उत्पादन केंद्र आपल्या उज्जैनमध्येच आहे. गरीब ज्येष्ठांस अशी साधने देण्यासाठी केंद्र शासनाने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. गरजूंनी जिल्ह्याच्या सामाजिक न्याय कार्यालयात तिची चौकशी करावी. मात्र कोणतेही साधन आणण्यापूर्वी ते वापरणाऱ्यास विचारावे. पुष्कळ घरांत मुलांनी हौसेने आणलेल्या वस्तू माळ्यावर पडतात, कारण त्या आणताना कोणी विचारलेले नसते.

न्यासास विनंती

आपला न्यास विद्यार्थ्यांस पुस्तके देतो, लग्नकार्यास भांडी देतो. त्याच भांडारात कमोडच्या २-३ खुर्च्या, ४ वॉकर आणि स्नानाचे काही चौरंग ठेवले आणि गरज सरली की परत घ्यावयाचे, अशी रीत पाडली, तर थोड्या खर्चात अनेक घरांची सोय होईल. न्यासाच्या सभागृहातील एका संडासास तरी दांडी आणि बाहेर उघडणारे दार असावे. कित्येक वृद्ध सभासद कार्यक्रमास का येत नाहीत याचे कारण तेथेच असण्याचा संभव आहे. २०२८ साली सिंहस्थ आहे. त्या वेळी आपल्या घरोघरी बाहेरगावचे आत्या-मामा, मावश्या उतरतील आणि त्यांपैकी बहुतेक साठी ओलांडलेले असतील. तोपर्यंतचा अवधी या कामास पुरेसा आहे.

काकू त्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी घरी आल्या. पहिल्या दिवशी वहिनी दारापाशी उभ्या राहिल्या; दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांस स्वयंपाकघरात पाठविले. त्यानंतर ३ वर्षांहून अधिक काळ त्या आपल्या घरी राहिल्या. संध्याकाळी पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागल्या. घंटीची दोरी त्यांनी एकदाच ओढली, तीही साबण संपला म्हणून. २०२३ च्या माघात अल्प आजाराने त्या गेल्या. आदल्या दिवशीपर्यंत त्यांचे स्नान त्यांच्या हाताने झाले होते.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, ही स्मरणिका बाजूस ठेवल्यावर एकदा आपल्या घरच्या न्हाणीत जावे, पाटावर बसावे आणि कशासही हात न लावता उठून पाहावे. मग घरातील वडील माणसापाशी जाऊन, "पुण्यास चला" असे न म्हणता, "उठताना तुम्ही काय धरता?" एवढेच विचारावे. उत्तर मिळाले की त्याच आठवड्यात मिस्त्रीस बोलवावे.